आयबोकाकांचा इंग्रजी मचवा

जलविमान तळ, बेटावरून
९ मार्च १९१५

प्रिय फोल्केताई,

पोचलो. धडधाकट आहे आणि तू दिलेले लोकरी मोजे, दोन्ही जोड एकावर एक, घालून बसलो आहे. इथली पत्रं पाकिटात जाण्याआधी एक कारकून वाचतो, म्हणून आधीच सांगून टाकतो की इथे सगळं उत्तम आहे.

विमान कसं असतं, असं तू विचारलं होतंस. आपल्या धक्क्यावरच्या दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेव. त्यांवर काठ्या उभ्या कर, काठ्यांवर कापडाचे दुमजली पंख चढव, आणि नाकाशी एक इंजिन बसव. ते तेल पितं आणि प्यायलेल्यातलं निम्मं माझ्या तोंडावर थुंकतं. पाण्यावरून उठायचं, तीन तास समुद्रावर फिरून शत्रूची जहाजं शोधायची आणि परत पाण्यावर उतरायचं. बंदूक नाही, तारायंत्र नाही. वेताच्या पेटाऱ्यात चार कबुतरं असतात. काही दिसलं की साहेब चिठ्ठी लिहितात, कबुतराच्या पायाला बांधतात आणि त्याला हवेत सोडतात. कबूतर नेहमी आमच्या आधी पोचतं. त्याचं इंजिन बंद पडत नाही.

साहेब पुढे बसतात, मी मागे. हाकायचं मी आणि बघायचं त्यांनी, असा नियम आहे. साहेबांचं नाव लेफ्टनंट फॉन क्लिंगेबेक. तीन वर्षं कचेरीत नकाशांचं कपाट त्यांच्याकडे होतं, त्यामुळे समुद्र त्यांना पाठ आहे. चष्मा ते लावत नाहीत. त्यांच्या घराण्यात चारशे वर्षांत कोणी लावलेला नाही, असं ते अभिमानाने सांगतात. काल त्यांनी जेवणघरात खांबाला सलाम केला. माणूस फार नम्र आहे.

पण ताई, एक खरं सांगू? पाणी सुटतं ना खालून, तो क्षण! होड्या आधी आपटतात, मग घसटतात, मग एकदम सगळं गुळगुळीत होतं. त्या वेळी मला थंडी, तेल, साहेब, काहीच आठवत नाही.

काकांना सांग, वरून आपला वाळूचा दांडा कोंबडीच्या तंगडीसारखा दिसतो.

तुझा,
वियार्ड

*

हाउकेझील
१६ मार्च १९१५

वियार्ड,

पत्र मिळालं. कारकून महाशय, तुम्हीही वाचा आणि शिका, माणसाने बहिणीला सविस्तर कसं लिहावं ते.

आयबोकाकांना मी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "पोरगं वाया गेलं." दुसऱ्यांदा म्हणाले, "कोंबडीची कुठली तंगडी, डावी का उजवी?" आणि मग गुत्त्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं की आपला वियार्ड रोज इंग्लंडवरून जाऊन येतो. मी अडवलं नाही. आईबाबांना समुद्राने नेलं तेव्हापासून तुला त्यांनीच मचव्यावर वाढवलं. थोडी फुशारकी त्यांच्या हक्काची आहे.

कोळंबी बरी मिळतेय. पाव सरकारी चिठ्ठीवर मोजून मिळतो, चहा महाग, पण समुद्र अजून कोणी चिठ्ठीवर ठेवलेला नाही. काकांचे गुडघे धरलेत. डॉक्टरने लाल फ्लॅनेलच्या लांब चड्ड्या घालायला सांगितल्यात. सहा शिवून दिल्या. त्या ते मचव्यावरच धुतात आणि डोलकाठीच्या दोरीला वाळत घालतात. घरी वाळत घातल्या की शेजारची गेशे कुंपणावरून हसते म्हणे. गेशेचा नवरा गेल्या नोव्हेंबरात फ्लँडर्सच्या लढाईत मारला गेला, पदरात तीन पोरं. तिला हसू येत असेल तर येऊ दे, असं मी त्यांना सांगितलं.

इंजिन बंद पडतं म्हणजे काय? वर असताना? खरं काय ते लिही.

फोल्के

*

जलविमान तळ
१४ एप्रिल १९१५

प्रिय ताई,

काल आम्हाला शत्रू सापडला!

सकाळी धुरकट हवा होती. परत येताना इंजिनाची एक नळी खोकायला लागली, म्हणून माझं सगळं लक्ष तेलाच्या काट्याकडे होतं. आपल्या बाजूच्या वाळूच्या दांड्यापाशी एक शीड ओझरतं दिसलं. तेवढ्यात साहेब पुढच्या खोबणीत उभेच राहिले आणि ओरडले, "इंग्रजी टेहळणी जहाज! झेंड्यांनी खुणा करतायत! लाल झेंडे, सहा!" त्यांनी पायाशी ठेवलेले दोन बॉम्ब उचलून हातानेच खाली टाकले. पाण्याचे दोन खांब उठले. मग धुकं मिटलं. साहेबांनी कबूतर सोडलं.

आम्ही पोचेपर्यंत कमांडरसाहेब धक्क्यावर येऊन उभे होते. चिठ्ठीत होतं, "जहाजाचं नुकसान झालं असावं." दुपारच्या अहवालात ते "बहुधा बुडालं" झालं, आणि रात्रीच्या जेवणाला त्याच्यावरचे पंधरा खलाशीही बुडाले. साहेबांच्या नावाची लोखंडी क्रॉस या पदकासाठी शिफारस गेली आहे. अहवालात माझाही उल्लेख आहे, "वाहनचालक" असा.

मी धड काही पाहिलं नाही, हे मात्र मनाला लागून राहिलं. पण एवढी मोठी माणसं म्हणतायत म्हणजे असणारच.

तुझा,
वियार्ड

*

हाउकेझील
१७ एप्रिल १९१५

वियार्ड,

तुझं पत्र यायच्या आधीच आमच्यावर आभाळ कोसळलं होतं. अक्षरशः.

मंगळवारी आयबोकाका चिंब भिजून, पांढरेफटक होऊन घरी आले. दांड्यापाशी जाळं ओढत होते. धुक्यातून एक विमान आलं आणि त्यांच्यावर लोखंड फेकून गेलं. एक डावीकडे, एक उजवीकडे. मचवा उभाच्या उभा उडाला. डोलकाठीची दोरी तुटली, एक चड्डी गेली. काका तळाशी पालथे पडून देवाचं नाव घेत होते. डोकं वर काढलं तर सभोवार मेलेले मासे. त्याही भीतीत तीन टोपल्या भरल्या म्हणतात.

मी विचारलं, "विमान कोणाचं होतं?"

"इंग्रजाचं. दुसऱ्या कोणाचं?"

"खूण पाहिलीत?"

"खूण कशाला पाहायला हवी? आपलं असतं तर आपल्यावर कशाला टाकलं असतं?"

 बुधवारी कोट घालून ते बंदर कचेरीत गेले आणि रीतसर जबानी देऊन आले की इंग्रजी विमानाने हल्ला केला. बंदर मास्तरने ती तारेने वर पाठवली.

आणि आज तुझं पत्र आलं. वियार्ड, मी ते चारदा वाचलं. मंगळवार. वाळूचा दांडा. सहा लाल झेंडे.

मला जे वाटतंय ते खोटं आहे, असं उलट टपाली कळव.

फोल्के

*

बेटावरून
२१ एप्रिल १९१५
(हे पत्र टपालात टाकलेलं नाही. लोणी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या हार्मच्या टोपलीतून येतंय. वाचून चुलीत घाल.)

ताई,

खोटं नाही. ते विमान इंग्रजी नव्हतं. त्यात मी होतो.

 ज्यांनी मला पोहायला शिकवलं, त्यांच्या डोक्यावरून मी बॉम्ब नेले आणि वर मोठ्या आनंदाने तुला पत्र लिहिलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांकडे गेलो. ते आरशासमोर उभे राहून क्रॉस कुठे लावायचा याची जागा बघत होते.

"साहेब, त्या दिवशीचं जहाज. तो आमच्या गावचा कोळंबीचा मचवा होता."

"अशक्य. झेंडे होते."

"त्या चड्ड्या होत्या साहेब. माझ्या काकांच्या."

ते पुन्हा आरशाकडे वळले. मग म्हणाले, "ओम्मेन, क्रॉसचा हुकूम निघाला आहे. हुकुमात इंग्रजी जहाज लिहिलंय. आता ते मचवा कसं होईल?"

कमांडरसाहेबांकडे जायची हिंमत केली, तर तिथे त्याहून भारी प्रकार. मुख्यालयात दोन अहवाल एकाच दिवशी पोचलेत. एक आमचा, की दांड्यापाशी इंग्रजी जहाज होतं. दुसरा बंदर कचेरीचा, की दांड्यापाशी इंग्रजी विमान होतं. दोन्ही जोडून वरच्यांनी निष्कर्ष काढलाय की इंग्रज तिथे जहाजं आणि विमानं एकत्र आणून किनाऱ्यावर उतरायची तयारी करतायत. भिंतीवरच्या नकाशात आपल्या दांड्यावर लाल टाचणी टोचली आहे. कमांडरसाहेब म्हणाले, "एक अहवाल चुकीचा असू शकतो. दोन कसे असतील?"

परवापासून दांड्याच्या आसपास मासेमारी बंद होणार. आणि आम्हाला हुकूम आहे, तिथे जे शीड दिसेल ते शत्रूचं समजून बुडवायचं. आता बॉम्ब सहा दिलेत.

काकांना समुद्रावर जाऊ देऊ नकोस. पाया पडतो.

वियार्ड

*

हाउकेझील
१५ मे १९१५
(हार्मच्याच हातून)

वियार्ड,

पत्र चुलीत घातलं. त्यावर शिजवायला फारसं काही नव्हतं.

बंदी लागून तीन आठवडे झाले. सातही मचवे धक्क्याला बांधलेले. आमच्या रक्षणासाठी बांधावर एक तोफ आणून ठेवलीय, आणि तिच्याबरोबर अकरा सैनिक. तोफ काका जन्मायच्या आधीची आहे, पण सैनिक तरणे आहेत आणि चौदा घरांच्या कोंबड्या त्यांनी संपवल्या. गेशेच्या धाकटीला उकडलेल्या सलगमाशिवाय काही मिळालेलं नाही. तिचे हात बघवत नाहीत.

काका मात्र पहिले दोन आठवडे राजे होते. जबानी घ्यायला दोन अधिकारी मोटारीतून आले, विमानांची चित्रं पुढे ठेवली, "यातलं कुठलं?" काकांनी सगळ्यांत मोठ्या चित्रावर बोट ठेवलं. गुत्त्यावर त्या विमानाला आता तीन इंजिनं आहेत आणि वैमानिकाला दाढी.

शेवटी मला ते ऐकवेना. त्यांना आत बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं, भडकतील. ते वाटी हातात धरून बसले. चहा गार झाला. मग म्हणाले, "त्याने पाहिलं होतं का मला?"

"नाही काका. त्याला माहीतच नव्हतं."

"मग ठीक." थोड्या वेळाने म्हणाले, "दोन्ही बाजूंना चुकला. हाकत चांगला असणार."

मी म्हटलं, बंदर कचेरीत जाऊन खरं सांगा. तर म्हणाले, "मी खरं सांगितलं तर त्या लेफ्टनंटाचं काही होणार नाही, पोराला गोळी घालायला भिंतीशी उभं करतील. मी इंग्रज म्हणालो, इंग्रजच." आणि त्या दिवसापासून गुत्त्यावर गेले नाहीत.

पण पोरांच्या पोटाला हे कसं सांगायचं? काल गेशे धक्क्यावर येऊन सगळ्या बाप्यांना म्हणाली, "तुम्हाला बुडायची भीती वाटत असेल तर मचवा मला द्या. मी जाते." त्यावर कोणाला मान वर करता आली नाही. मंगळवारी, अठरा तारखेला, सातही मचवे दांड्यावर जाणार. काका सगळ्यांत पुढे. मी अडवलं, ऐकत नाहीत.

त्या दिवशी वर तू असशील की दुसरं कोणी, मला माहीत नाही. तू असलास तर डोळे उघडे ठेव. तुझे. साहेबांचे नकोत.

फोल्के

*

हाउकेझील
१९ मे १९१५

वियार्ड,

मचवे काल परतले नाहीत. बांधावरच्या सैनिकाने दुर्बिणीतून पाहिलं, नौदलाची वाफेची लाँच सात डोलकाठ्या एका दोराला बांधून बेटाकडे ओढत नेत होती. माणसं दिसली का म्हणून विचारलं तर म्हणाला, सांगायची परवानगी नाही.

गेशे माझ्या स्वयंपाकघरात बसलीय. तिचा भाऊ तिसऱ्या मचव्यावर होता. तिला वाटतं, तिच्या बोलण्यामुळे गेले.

कारकून महाशय, हे पत्र तुम्ही वाचाल. वाचा. एवढंच कळवा, जिवंत आहेत का?

फोल्के

*

बेटावरून
२२ मे १९१५

ताई,

सगळे जिवंत आहेत! गेशेला आधी सांग, मग पुढे वाच. हार्म थांबलाय, तरी सगळं लिहितो.

मंगळवारी पाळी आमचीच होती. मी मुद्दाम मागून घेतली. आदल्या संध्याकाळी तुझं पत्र मिळालं होतं. दांड्यावर आलो तर खाली सात शिडं, आकाश स्वच्छ. पुढून साहेबांचा हात वर गेला. "आरमार! सात जहाजं! खाली घे!" त्यांनी पहिला बॉम्ब मांडीवर घेतला.

मी ओरडून सांगितलं, मासेमार आहेत. वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. मग मी हात खाली घातला आणि पेट्रोलचा नळ बंद केला.

एकदम शांत झालं. तारांमधून वारा शिट्ट्या घालायला लागला. साहेब वळले.

"काय झालं?"

"इंजिन बंद पडलं साहेब. बॉम्ब ठेवा आणि घट्ट धरा."

सात मचव्यांच्या बरोबर मधोमध उतरलो. साहेबांनी पिस्तूल काढलं. समोरच्या मचव्यावरून एक पांढरं डोकं वर आलं आणि गरजलं, "वियार्ड! मेल्या, माझ्या जाळ्यावर उतरलास!"

साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "शत्रूला तुझं नाव कसं माहीत?"

"साहेब, ते माझे काका आहेत."

"तुझा काका इंग्रज आहे?"

मी काही म्हणायच्या आत ओहोटी लागली. तुला माहीतच आहे, दांड्यावर पाणी कसं पळतं. घटकेभरात विमान चिखलात बसलं, मचवेही कलंडून बसले, आणि सहा तास कोणालाच कुठे जाता येईना. काकांनी साहेबांना हात देऊन मचव्यावर घेतलं. साहेबांनी मचव्याच्या पुढच्या टोकावरचं नाव वाचलं, नाक लाकडाला लागेपर्यंत वाकून. "टोम्मा. हे कोण?"

"माझी बायको," काका म्हणाले. "देवाघरी गेली. तिच्या बापाने आणि मी मिळून बांधला हा मचवा."

काकांनी शेगडीवर चहा केला. वाटीत खडीसाखर, वरून दाट चहा, कडेने साय, अगदी घरच्यासारखा. साहेब तीन वाट्या प्यायले. डोक्यावर चड्ड्या फडफडत होत्या. साहेब बराच वेळ वर बघत बसले.

"पाचच?"

"सहावी तुम्ही बुडवलीत," काका म्हणाले. "अहवालात जे बुडालं म्हणून लिहिलंत, ती तीच."

मला वाटलं, आता पिस्तूल सुटतंय. साहेबांनी डोळ्यांवर हात ठेवला. म्हणाले, "मला दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. आठव्या वर्षापासून."

काकांनी विचारलं, "मग बोलला का नाहीत कोणाला?"

"वडिलांना मी डोळस हवा होतो. कमांडरसाहेबांनाही. त्या दिवशी मला नुसते लाल ठिपके दिसले, झेंडे मी म्हणालो. सगळ्यांना मला काहीतरी दिसायला हवं होतं."

ताई, महिनाभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या वेळी मात्र ते गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखे दिसत होते.

मग त्यांनी कागद मागितला. मला लिहायला लावलं आणि सही स्वतः केली. "इंजिनात बिघाड, दांड्यावर उतरलो. सात जहाजं. सगळी आपलीच." कबूतर सोडलं. आयुष्यातला त्यांचा पहिला खरा अहवाल.

आणि तिथेच घात झाला. मुख्यालयाने "सगळी आपलीच" याचा अर्थ "सगळी आता आपली झाली" असा घेतला. भरतीबरोबर लाँच आली, बंदुका रोखून. सातही जहाजं युद्धात पकडलेली म्हणून बांधून घेतली, माणसं कैदी म्हणून. लाँचवरच्या खलाशांनी साहेबांच्या नावाने तीनदा जयघोष केला. साहेब ओरडत होते, "अरे, मासेमार आहेत हे!" खलाशी म्हणाले, "साहेब, किती दिलदार तुम्ही."

काका आणि बाकीचे तेरा जण इथे दोरखंडाच्या कोठारात आहेत. रोज चौकशी होते. काल मी चौकशीचा कागद पाहिला. त्यात लिहिलंय, "कैदी आपली भाषा, अगदी किनाऱ्यावरच्या बोलीसकट, अस्खलित बोलतात. यावरून शत्रूची तयारी किती जुनी आहे ते दिसतं."

साहेब आणि मी उद्या दोघं मिळून कमांडरसाहेबांकडे जाणार आहोत. पुढे काय होईल ते होवो.

वियार्ड

*

बेटावरून
३१ मे १९१५
(हार्मच्या हातून)

ताई,

माणसं शुक्रवारी सुटतील, मचवे त्यानंतर. पण कसे, ते ऐक.

आम्ही गेलो. साहेबांनी डोळ्यांपासून चड्ड्यांपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कमांडरसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"क्लिंगेबेक, सात जहाजं पकडल्याची बातमी राजधानीतल्या वर्तमानपत्रांत छापून आली आहे. तुम्ही थकलात."

"मी थकलेलो नाही. मला दिसत नाही."

"तेच म्हणतोय मी. थकल्यावर होतं असं."

साहेबांना दुसऱ्या वर्गातल्या क्रॉसवर आता पहिल्या वर्गातला मिळाला आहे, आणि त्यांची बदली टेहळणीच्या शाळेत झाली आहे. नवीन अधिकाऱ्यांना वरून कसं बघायचं ते शिकवायला. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. आधी चुकून दुसऱ्याचाच घेतला होता.

काकांसाठी असा कागद केलाय की चौदा मासेमार शत्रूच्या कैदेत होते, नौदलाने त्यांना सोडवलं. त्यांचे स्वतःचे मचवे शत्रूने बुडवले. म्हणून भरपाईदाखल पकडलेली सात इंग्रजी जहाजं नौदल गावाला बक्षीस देत आहे. आरमार संपलं, त्यामुळे बंदी उठली. नकाशावरची टाचणीही काढली. सगळे खूश आहेत.

मला कमांडरसाहेबांनी शेवटी एकट्याला थांबवलं. "ओम्मेन, पेट्रोलचा नळ आपोआप बंद होत नाही." मी म्हटलं, "नाही साहेब." त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. खटला भरला तर सगळंच बाहेर येईल, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. माझं उडणं बंद केलं आहे. विमानांच्या होड्यांचं शेवाळ खरवडायच्या कामावर आहे, युद्ध संपेपर्यंत. रोज ती माझ्यासमोर उठतात आणि मी खाली, गुडघाभर पाण्यात.

पुन्हा तशीच वेळ आली तर नळ पुन्हा बंद करीन. पण वाईट वाटतं ताई, खोटं कशाला सांगू.

काका कोठारातून माझ्याशी फारसं बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय आहे, मला कळत नाही.

वियार्ड

*

हाउकेझील
१३ जून १९१५
(हार्मच्या हातून)

वियार्ड,

सगळे घरी आले. गेशेच्या पोरांनी काल पोट फुटेस्तोवर कोळंबी खाल्ली आणि धाकटी आजारी पडली. इतका आनंदाचा आजार मी पाहिला नव्हता.

पण मचवे सहज मिळाले नाहीत. गुरुवारी धक्क्यावर टेबल मांडून नौदलाचा एक लेखनिक बसला. प्रत्येकाने सही करायची, "इंग्रजी बनावटीचं एक जहाज बक्षीस मिळालं." सहा जणांनी केली. काका टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हा मचवा मी बांधलाय. या धक्क्यावर. त्या तिथे, तुझी खुर्ची आहे ना, तिथे."

लेखनिक म्हणाला, "आजोबा, तुमचा मचवा बुडालाय. इथे लिहिलंय."

"मग हा कोणाचा?"

"तुमचाच, पण बक्षीस मिळालेला. आणि हे नाव खोडावं लागेल. इंग्रजी जहाजावर टोम्मा कसं असेल?"

काका सही न करता घरी आले. दिवसभर अंगणात बसून होते.  गेशे धाकटीला घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली. संध्याकाळी उठले, गेले, सही केली. लेखनिकाने स्वतः ब्रश घेऊन टोम्मावर करडा रंग फासला आणि वर चार नंबर घातला. काका तिथेच उभे राहून बघत होते. माझ्याने बघवलं नाही.

गुत्त्यावर लोकांनी विचारलं, "आयबो, कैदेत काय काय झालं, सांग की!" एरवी तीन आठवडे पुरवलं असतं त्यांनी. "मी नव्हतो तिथे," एवढंच म्हणाले.

तुझं पत्र मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, शेवाळाचं आणि शेवटच्या ओळीचंही. ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले.

आज जेवायला बोलवायला मी मचव्यावर गेले. वर कोणी नव्हतं. खाली वाकून बघितलं तर काका तळाशी उताणे पडलेले, ते दुखरे गुडघे मुडपून, आणि डेकच्या आतल्या बाजूच्या तुळईवर छिन्नीने कोरत होते. मोठी, खोल अक्षरं. टो झालं होतं, म्म झालं होतं.

मी म्हटलं, "शेवटचा काना राहिला."

"राहू दे."

"हात दुखतो का?"

"नाही." बाहेर येऊन त्यांनी अंगावरचा भुसा झटकला. "वियार्डला रजा कधी आहे?"

छिन्नी ते तिथेच, तुळईखाली ठेवून आलेत.

फोल्के